अज्ञानाचं सोंग कशाला?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, गोष्ट रचत खेळायचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. त्यात ट्रोल नावाचा राक्षस आहे. तलवारीच्या जखमा त्याच्या आपोआप भरतात. आग किंवा ॲसिड लागतं. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये हे छापलेलंच आहे, त्यामुळे जुन्या खेळाडूंना ते पाठ!

आता वाद असा, की खेळ चालवणारे काही डंजन मास्टर म्हणतात, "तुला ठाऊक आहे, तुझ्या पात्राला नाही. मशाल उचललीस तर ती लबाडी!" मग बिचारा खेळाडू तीन फेऱ्या उगाच तलवार चालवतो आणि नंतर त्याला 'अचानक' मशाल सुचते. याला अभिनय म्हणायचं? आणि तेवढ्यात सोबत्याचं पात्र मेलं तर?

अहो, ज्या मुलखात ट्रोल हिंडतात, तिथल्या लोकांना आगीचं ठाऊक नसेल? भुताचे पाय उलटे असतात हे आपल्याकडे भूत न पाहिलेल्या पोरालाही माहीत असतं!

पुस्तक उघडून राक्षसाचे आकडे वाचणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण गुपित हवं असेल तर मास्टरने कष्ट घ्यावेत. राक्षस बदलावा, भर पावसात गाठ घालून द्यावी. फुटलेली प्रश्नपत्रिका पुन्हा वाटायची आणि मुलांना म्हणायचं, "उत्तरं विसरा"... हा मास्तरांचा आळस झाला, मुलांची लबाडी नव्हे.