टीपॉयखालचा डिस्को

पार्टी घरीच आहे, गाणी रेडी आहेत, पण टीपॉय मात्र तोच जुना? मग काचेखाली रंगीत एलईडीची मॅट्रिक्स बसवा की! मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहे, पुणेकरांना तपकीर गल्ली. 'डब्ल्यूएस२८१२बी'ची पट्टी मागा. तिच्या प्रत्येक टिकलीत लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे आणि एक चिमुकली चिप असते. त्यामुळे १०० टिकल्यांनाही डेटाची एकच वायर पुरते. पहिली ओळ सुलटी, दुसरी उलटी, अशी नागमोडी फिरवत न्यायची.

सगळं लक्ष प्रोग्रॅमिंगकडे जातं आणि करंटचा हिशेब राहतो बाजूला. फुल्ल पांढऱ्या उजेडात एक टिकली साधारण ६० मिलिअँपिअर ओढते. १० बाय १०च्या टेबलाचे झाले ६ अँपिअर! हे मोबाइलच्या चार्जरचं काम नव्हे. ५ व्होल्टचा, ८-१० अँपिअरचा दणकट पॉवर सप्लाय घ्या. पट्टीतल्या बारीक तांब्यात व्होल्टेज घटतं, निळा-हिरवा आधी दमतो आणि शेवटच्या कोपऱ्यातला पांढरा लालसर दिसतो. उपाय सोप्पा: जाड वायरीने दर दोन-तीन ओळींना थेट पॉवर द्या. कंट्रोलर आणि सप्लायचं ग्राउंड एकत्र जोडा, फ्यूज लावा आणि २३० व्होल्टची बाजू बंद डब्यात ठेवा. या टेबलावर कुणाचं तरी कोल्ड्रिंक सांडणारच आहे!

रंग काय, कोडच्या दोन ओळींत बदलतात. जळलेली वायर मात्र 'अनडू' होत नाही, बॉस!