आकडेवारीचे स्वराज्य

रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात (१९२४ ते १९३७) स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. परक्या शब्दांचे दास्य नको, हा त्यामागील विचार होता. आज त्याच रत्नागिरीतील महाविद्यालयांपुढे दास्याचा एक नवा प्रकार उभा आहे. तो संगणकप्रणालींचा आहे.

सांख्यिकीच्या व्यापारी प्रणालींना परवान्याचे भरमसाट मूल्य मोजावे लागते. ते परवडले नाही की चोरलेल्या प्रतीवर काम भागवण्याचा मोह होतो. विद्यामंदिरात विद्यार्थ्याला मिळणारा हा पहिला संस्कार शोभणारा आहे काय?

‘आर’ ही मुक्तस्रोत प्रणाली हा त्यावरील प्रामाणिक पर्याय आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती रचली व १९९५ मध्ये मुक्त परवान्याखाली जगाला खुली केली. ती विनामूल्य आहेच. शिवाय तिची घडण कोणालाही वाचता व बदलता येते. ‘मग ती स्वदेशी कशी?’ असे कोणी विचारील. साधन कोठे जन्मले यापेक्षा त्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, हे महत्त्वाचे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा रोखल्या. त्या पुढे पूर्ववत झाल्या. पण त्यासाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. एवढा बोध पुरेसा आहे.

मात्र केवळ कळ दाबण्याचे प्रशिक्षण निरुपयोगी होय. समजा, पाच आंबा बागायतदारांना अनुक्रमे ९, १०, ११, १२ आणि ५८ पेट्या मिळाल्या. सरासरी येते २०. मध्यक मात्र ११. सरासरीवर विसंबून योजना आखली, तर पाचांपैकी चौघांवर अन्याय होईल. ‘आर’मध्ये गणिताची प्रत्येक पायरी लिहून ठेवता येते, त्यामुळे दुसऱ्याला ती तपासता येते. हा विवेक हेच खरे शिक्षण. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी शेतातील उत्पादनाच्या नमुना सर्वेक्षणांना शास्त्रीय बैठक दिली, ती याच विवेकाच्या बळावर.

मुंबई आयआयटीचा ‘फॉसी’ प्रकल्प ‘आर’चा प्रसार करतो, तेथीलच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रम भारतीय भाषांतून संगणकशिक्षण देतो. त्यांचा आधार घेऊन प्राध्यापकांनी मराठीतून वर्ग चालवावेत आणि उदाहरणे कोकणातील हापूस, पाऊस व मासेमारीची घ्यावीत. कार्यकर्त्यांनी व पालकांनी आपल्या महाविद्यालयात त्याचा आग्रह धरावा. आपल्या भूमीचे मोजमाप आपल्या मुलांना स्वबुद्धीने करता आले पाहिजे. राष्ट्राचे स्वावलंबन अशाच लहान वर्गखोल्यांतून उभे राहते.