काखेत कळसा आणि कन्याकुमारीला वळसा

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, आजचा लेख चिडून लिहिलाय.

‘चीनने आपलं नाक दाबलंय. आपल्या किनाऱ्यावर खजिना पडलाय, पण हे झोळीवाले खणू देत नाहीत!’ २०२५ च्या एप्रिलपासून हे वाक्य मी ऑफिसच्या कँटीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये आणि किमान चार व्हॉट्सॅप ग्रुपांवर ऐकलंय. म्हणणारे सगळे शिकलेले. निम्मे तर इंजिनिअर. म्हणून जास्त त्रास होतो.

आता यातलं खरं काय ते बघू. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ धातू आणि त्यांची चुंबकं यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, हे खरं. फटका आपल्या पुण्यापर्यंत आला, हेही खरं. त्या जुलैत राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की चुंबकांअभावी ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरीत निओडिमियमचं चुंबक असतं. मोटर तापल्यावर ते ढेपाळू नये म्हणून त्यात थोडं डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. हे चिमूटभर मीठ अडलं की अख्खी पंगत अडते. इथपर्यंत आपलं एकमत.

माझं भांडण ‘खजिना’ आणि ‘झोळीवाले’ या दोन शब्दांशी आहे.

वर्तमानपत्रं या धातूंना ‘दुर्मिळ मृदा’ म्हणतात. नावच फसवं. हे एकूण सतरा मूलद्रव्यांचं कुटुंब, आणि त्यातलं सिरियम तर पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे. दुर्मिळ आहे ते त्यांचं एका जागी भरपूर सापडणं. आणि सापडले तरी एकमेकांना इतके चिकटलेले, की रसायनशास्त्राच्या दृष्टीने जणू जुळी भावंडंच! त्यांना वेगळं करायला आम्लं आणि सॉल्व्हंट यांच्या शेकडो टप्प्यांतून माल फिरवावा लागतो. त्यात बऱ्याच खनिजांमध्ये थोरियम आणि युरेनियम बिनबुलाये मेहमान म्हणून असतातच. धातू हाती येतो मूठभर, मागे राहतो तो चिखल डोंगरभर.

आणि सगळं भांडण या चिखलाचं आहे, मंडळी. धातूचं नाहीच.

जगातल्या खाणींतला साधारण ६० टक्के माल चीनचा आणि शुद्धीकरणातला वाटा ९० टक्क्यांच्या आसपास. हे काय देवाने त्यांच्याच पदरात टाकलं? अजिबात नाही. १९८० च्या दशकापर्यंत या धंद्यात अमेरिका पुढे होती. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही त्यांची खाण. तिची सांडपाण्याची पाइपलाइन पुन्हा पुन्हा फुटली आणि किरणोत्सारी पाणी मोहावेच्या वाळवंटात पसरलं. चौकशा झाल्या, साफसफाई गळ्यात पडली. त्यात चीनचा स्वस्त माल आला, आणि २००२ मध्ये खाणीला कुलूप लागलं. मलेशियात बुकित मेराह गावाजवळ १९८२ मध्ये असाच एक कारखाना निघाला. आसपासच्या वस्तीत ल्युकेमियाचे रुग्ण दिसायला लागले, लोक कोर्टात गेले आणि १९९२ मध्ये उत्पादन थांबलं. आजारांची जबाबदारी कंपनीने मान्य केली नाही, पण तिथली साफसफाई करायला सुमारे १० कोटी डॉलर लागले.

थोडक्यात, जिथे जिथे लोकांना ओरडता येत होतं, तिथून हा धंदा उठला आणि जिथे ओरडता येत नव्हतं, तिथे जाऊन बसला. आपण आउटसोर्सिंगवर पोट भरणारी माणसं. निदान आपल्याला तरी हे मॉडेल कळायला काय हरकत आहे? काम स्वस्त पडतं तेव्हा कोणीतरी कुठेतरी त्याची किंमत बिलात न धरता मोजत असतो.

ती किंमत पाहायची तर इनर मंगोलियातलं बाओटोऊ बघा. तिथे खाणीच्या गाळाचं सुमारे दहा चौरस किलोमीटरचं तळं साचलंय. त्यात थोरियम आहे, आणि पीत नदी तिथून दहाएक किलोमीटरवर. दक्षिणेला जिआंगशी प्रांतातल्या गानझोऊला तर डोंगर खणतसुद्धा नाहीत. डोंगरात भोकं पाडून अमोनियम सल्फेट ओततात आणि खाली झिरपून आलेलं द्रावण तळ्यांमध्ये गोळा करतात. सगळंच काही तळ्यात येत नाही. उरलेलं ओढ्यात, विहिरीत, शेतात जातं. २०१२ मध्ये चिनी सरकारने श्वेतपत्रिका काढून हे नुकसान स्वतःच कबूल केलं. एकट्या गानझोऊच्या साफसफाईचा तेव्हाचा सरकारी अंदाज होता ३,८०० कोटी युआन!

मग चीनने काय केलं? नियम कडक केले आणि बराचसा धंदा सरकवला म्यानमारच्या काचिन राज्यात. ‘ग्लोबल विटनेस’ने २०२२ मध्ये उपग्रहाची छायाचित्रं तपासली, तेव्हा तिथे जवळजवळ ३०० ठिकाणी २,७०० हून अधिक अशी तळी मोजली गेली. अमेरिकेने चीनला आउटसोर्स केलं आणि चीनने म्यानमारला सबकॉन्ट्रॅक्ट दिलं. बघा, पटतंय का?

या साखळीत आता आपण उडी मारतोय. चुंबकांचे कारखाने काढायला केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. चांगलंच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण कच्चा माल कुठून येणार? तर किनाऱ्यावरच्या मोनाझाइटच्या वाळूतून. हे काम ‘आयआरईएल’ या सरकारी कंपनीचं (मुख्यालय मुंबईतच, प्रभादेवीला). तिला कन्याकुमारी जिल्ह्यातल्या किल्लियूर तालुक्यात सुमारे १,१४४ हेक्टरवर ही वाळू काढायचीय. मोनाझाइट म्हणजे सोबत थोरियम आलंच. २०२४ मध्ये तिथले मच्छीमार आणि गावकरी विरोधात उभे राहिले आणि ऑक्टोबरातली ठरलेली जनसुनावणी पुढे ढकलावी लागली.

त्यांची भीती कितपत खरी आणि कितपत नाही, हे ठरवायचा एक रस्ता होता. कंपनीने आकडे मांडावेत, लोकांनी प्रश्न विचारावेत, दोन्ही बाजू नोंदवल्या जाव्यात. यालाच जनसुनावणी म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजं आणि ‘क्रिटिकल’ खनिजं यांच्या खाणींना जनसुनावणीतूनच सूट दिली. कारण? राष्ट्रीय सुरक्षा.

आपल्या भाषेत सांगतो. रिलीजची तारीख जवळ आली, क्यूएवाले फार बग काढतात, म्हणून क्यूए टीमच बरखास्त करायची आणि बिल्ड थेट प्रॉडक्शनला टाकायचा! असं करणाऱ्या मॅनेजरला आपण कँटीनमध्ये काय काय म्हणतो ते आठवा. इथे मात्र आपणच टाळ्या वाजवतोय. फरक एवढाच, की इथे रोलबॅक नाही. वाळूत, पाण्यात गेलेलं परत येत नाही.

आणि गंमत पुढेच आहे. आपल्या मोनाझाइटमध्ये निओडिमियम आहे, पण डिस्प्रोशियम आणि टर्बियम काढण्याजोगं नाही. हे कोणी झोळीवाला सांगत नाही, सरकारच सांगतं. चीनने एप्रिलमध्ये परवान्याखाली आणलेल्या सात धातूंत डिस्प्रोशियम आणि टर्बियम आहेत. निओडिमियम त्या यादीत नव्हतंच! म्हणजे जे नाक दाबलं गेलं, त्याचं औषध कन्याकुमारीच्या वाळूत नाही.

मग कुठे आहे? काखेत.

इन्व्हर्टर एसीचे कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरी, हार्ड डिस्क, स्पीकर... निओडिमियम, आणि तापणाऱ्या मोटरींच्या बाबतीत डिस्प्रोशियमसुद्धा, आपल्या शहरांत आधीच येऊन बसलंय. खाण खणून, शुद्ध करून, पैसे मोजून झालेले. आपण त्याचं काय करतो? ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’चा २०२४ चा अहवाल सांगतो, की २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि रेअर अर्थच्या मागणीपैकी जेमतेम १ टक्का रिसायकलिंगमधून भागतो. १ टक्का!

आपल्याकडे तर कायद्यालाच चुंबक दिसत नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली रिसायकलरला जी प्रमाणपत्रं मिळतात, ती चार धातूंवर मोजली जातात. सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम. निओडिमियमचं प्रमाणपत्रच नाही, तर ते कोण कशाला काढेल? सगळं श्रेडरमध्ये जातं, ठिसूळ चुंबकाचा भुगा होतो, आणि चुंबकच तो, लोखंडाच्या भंगाराला चिकटून भट्टीत जातो. तिथे त्याची मळी होते. संपलं.

आणि आपली आयटीवाली जमात यात सगळ्यांत पुढे. आमच्याकडे (कंपनीचं नाव नको) जुन्या हार्ड डिस्क श्रेड केल्याचं प्रमाणपत्र ऑडिटला लागतं. न्यायला आलेल्या माणसाला मी एकदा विचारलं, चुंबकांचं काय करता? तो म्हणाला, ‘साहेब, कसली चुंबकं? लोखंडाबरोबर जातं सगळं.’ अहो, डेटा तबकडीवर असतो, चुंबकावर नाही! चार स्क्रू काढले की ती चकचकीत कमानदार चुंबकं हातात येतात. एन्क्रिप्टेड ड्राइव्हची तर किल्ली नष्ट केली की काम झालं, अमेरिकेच्या ‘निस्ट’चं मानक हे २०१४ पासून मान्य करतंय. आणि चुरा करायचाच असेल तरी मार्ग आहे. वेस्टर्न डिजिटल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२५ मध्ये सुमारे ५०,००० पाउंड चुऱ्यातून रेअर अर्थ परत काढून दाखवले, तेही आम्लाशिवाय.

आता तुमचे आक्षेप. ‘रिसायकलिंग काय स्वच्छ असतं का?’ नसतंच. मुरादाबादला जाळलेल्या सर्किट बोर्डांची राख रामगंगेच्या काठावर पडलीय. म्हणूनच ते काम गल्लीबोळातून काढून नीट कारखान्यात न्यायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यासाठी १,५०० कोटींची योजनाही मंजूर झालीय. ‘त्याने गरज भागेल का?’ सगळी नाही भागणार. गाड्यांची मोटर भंगारात यायला वर्षं जातील आणि मागणी तर वाढतच राहणार. काही खाणी लागतील, हे मलाही मान्य आहे. पण त्या शेवटी आणि लोकांना विचारून. आत्ता चाललंय ते बरोबर उलटं. खाण आधी, लोक नंतर आणि भंगार कधीच नाही.

तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात की एक काम करा. तुमच्याकडच्या जुन्या ड्राइव्ह कुठे जातात ते विचारा, मेल टाकून विचारा, आणि श्रेड करण्याआधी चुंबकं वेगळी काढायची अट व्हेंडरच्या पुढच्या करारात घालायला लावा. एसी बदलाल तेव्हा जुना कॉम्प्रेसर कुणाच्या हाती जातोय ते बघा. याला ना सरकारी मंजुरी लागते, ना चीनचा परवाना.

तेवढं जमेपर्यंत किल्लियूरच्या कोळ्यांना देशभक्ती शिकवणारे फॉरवर्ड मला पाठवू नका.