'अ' तेवढा गेला

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या विकास मंडळांचे काय झाले ते पाहा. ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली, सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. मंडळे नसतानाही भाषणांतला 'समतोल विकास' एक दिवस रजेवर गेला नाही.

'समतोल' या विशेषणाची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. वि. म. दांडेकर समितीच्या नावात 'प्रादेशिक असमतोल' होता, विजय केळकर समितीच्या नावात 'समतोल प्रादेशिक विकास' आला. पहिला अहवाल १९८४ चा, दुसरा २०१३ चा. एकोणतीस वर्षांत सरकारी कागदावरचा 'अ' तेवढा गेला. पुढच्या समितीसाठी 'सुसमतोल' अजून मोकळे आहे.

दांडेकरांची मोजणी मात्र सरळ होती. राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्याखाली किती ते पाहायचे. ती तूट भरायला लागेल तो पैसा म्हणजे अनुशेष. एकूण ३,१८६.७८ कोटी. पैकी विदर्भाचे १,२४६.५५, मराठवाड्याचे ७५०.८५ आणि 'उर्वरित महाराष्ट्रा'चे १,१८९.३८! उर्वरितमध्ये कोकण आहे, लोकसंख्याही जास्त, सगळे मान्य. तरी मागासलेपणाच्या वाटपातही मराठवाडा मागेच राहावा, याहून समतोल तो कोणता?

'समतोल आहार' म्हटले की ताटात काय वाढायचे ते कळते. परभणीच्या मोंढ्यात मापाडी कट्टा तोलू लागला की शेतकरी वाकून काटा पाहतो. समतोल विकासाचा काटा कुणी पाहिला आहे?

या विशेषणाला धाकटे भावंडही आहे: 'समन्यायी'. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यापासून ते पाणीवाटपाला चिकटले. मग मेंढेगिरी समितीचे सूत्र आले. १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांखाली असेल, तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचे. ते सोडायची वेळ आली की समन्याय धरणावरून निघतो आणि उच्च न्यायालयात पोचतो. पाणी पैठणला पोचते तेव्हा पोचते. तिथून डावा कालवा २०८ किलोमीटरचा, आणि परभणी जिल्हा त्याच्या टेलला.

टेलचा शेतकरी विशेषणांच्या फंदात पडत नाही. पाणीपाळी कधी सुटणार, एवढेच तो विचारतो.