एकच पाटी, चाळीस नावे

गेल्या महिन्यात आमची पुतणी सांगलीहून साताऱ्याला आली, ती तोंड पाडूनच. वस्तीतल्या बायकांच्या बचत गटाचा हिशेब फोनवर दिसावा म्हणून तिने जावास्क्रिप्टमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. चाळीस नावे, प्रत्येक नावापुढे बटण. पण कुठलेही बटण दाबा, जमा दिसायची ती यादीतल्या शेवटच्या बाईचीच. 'माझं पैसं तिच्या नावावर गेलं काय गं?' असे एकीने विचारले आणि पोरीची झोप उडाली. 'तात्या, मला हे जमायचं नाही,' म्हणाली.

आम्ही पडलो बी.कॉम. कारकून. पण चाळीस जणींपुढे एकच आकडा म्हटल्यावर राहवेना. ओळ न् ओळ वाचत बसलो.

लूपच्या आत 'व्हार' लिहून तिने 'जमा' हे व्हेरिएबल केले होते. आत लिहिले म्हणजे आतच राहील, हा तिचा समज. परंतु 'व्हार'चा आवाका, ज्याला स्कोप म्हणतात, तो लूपपुरता नसून सबंध फंक्शनभर असतो. म्हणजे भिंतीवर पाटी एकच. दर फेरीला आधीची रक्कम पुसायची, नवी लिहायची. बटण दाबले जाते फेऱ्या संपल्यावर. तेव्हा पाटीवर शेवटचीच रक्कम! 'व्हार'च्या जागी 'लेट' घातले की दर फेरीला कोरी चिठ्ठी मिळते व प्रत्येक बटण आपली चिठ्ठी धरून ठेवते. पैसे कुठे गेलेच नव्हते.

ब्रेंडन आइक यांनी ही भाषा १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत उभी केली. 'लेट' तिच्या मानकात आले २०१५ साली. वीस वर्षे जगभरचे शिकाऊ याच खड्ड्यात पडत होते, हे ऐकून पोरगी प्रथमच हसली.

चूक निघाली, आता मांडणी. तीच लूप तिने जमा, कर्ज व व्याज यांसाठी तीनदा उतरवली होती. त्या तिन्हींचे एक फंक्शन केले, 'क्ष' आणि 'य' काढून 'हप्ता', 'सभासद' अशी नावे दिली. वागणूक न बदलता आतली घडी नीट करणे, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. मात्र आधीची उत्तरे आम्ही कागदावर उतरवून ठेवली होती. दर बदलानंतर ताळा! बी.कॉम. इथे उपयोगी पडले.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने पासबुक हातात धरून आपले बटण दाबले. त्या बाईंनी दोनदा दाबून पाहिले.