अभ्यासातही सहकार हवा



नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. शाळा सुटलेल्यांना घरबसल्या पदवीची वाट मोकळी झाली. पण घरी एकट्याने पुस्तक उघडले की अडलेले अडूनच राहते, अन् माणूस अभ्यास सोडतो. आता व्हॉट्सॲपच्या गटावर एकाने विचारावे, चौघांनी सांगावे, हे सहज साधते. मात्र आपल्या गटांत नुसते 'शुभ सकाळ'! शिवाय फोन घरधन्याच्या खिशात. शिकणाऱ्या सुनेने आपली अडचण विचारायची कधी? शेअरची रक्कम आपण एकेकट्याने भरली, कारखाना मात्र मिळून उभा केला. अभ्यासाचेही तसेच आहे. तेव्हा संध्याकाळी तासभर फोन सुनेच्या हाती द्या, एवढीच विनंती. नाहीतर तिचे नाव नोंदवून उपयोग काय?