कुलूप नसलेली तिजोरी

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात एका हमरस्त्याच्या दुभाजकावर दिव्याच्या खांबासाठी खड्डा खणला होता. खांब काही आला नाही. खड्ड्यात रान माजले. समोरच्या इमारतीत एका दैनिकाची कचेरी होती. तिथला सदरलेखक डिक फेगन रोज खिडकीतून तो खड्डा पाही. त्याच्या जागी आपण असतो तर नगरपालिकेवर अग्रलेख लिहिला असता. फेगनने तिथे फुलझाडे लावली आणि १९४८ साली त्या जागेला ‘मिल एंड्स पार्क’ असे नाव दिले. आयरिश लोककथांतला एक बुटका तिथे राहतो, अशी थाप ठोकून त्याच्या गोष्टी तो सदरात लिहू लागला. बागेचा व्यास दोन फूट! १९७६ मध्ये शहराने तिला रीतसर उद्यानाचा दर्जा दिला. जगातले सर्वांत लहान उद्यान हा तिचा मान २०२५ साली जपानमधल्या एका बागेकडे गेला, इतकेच.

गंमत अशी की, याच पोर्टलंडच्या परिसरात पुढे जिओकॅशिंग हा खेळ जन्मला. जीपीएस उपग्रहांच्या संकेतांत अमेरिकन सरकार मुद्दाम मिसळत असलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकण्यात आली आणि ती यंत्रे एका रात्रीत सुमारे दहापट अचूक झाली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने शहराबाहेरच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत पुस्तके, थोडे पैसे, एक बेचकी वगैरे. अट एकच : काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधली. आज अशा लाखो पेट्या जगभर लपवलेल्या आहेत.

रानात लपवणे सोपे. खरी कसोटी लहान बागेत. तिथे पेटी कधी काडेपेटीएवढी, कधी बोटाच्या पेराएवढी असते. दोन फुटी बागेत तीही मावायची नाही. अशा जागांसाठी पेटीविनाचा प्रकारही आहे : फलकावरचे साल वाचा, पायऱ्या मोजा, उत्तर कळवा. एरवी चालता चालता ओलांडली जाणारी बाग माणूस प्रथमच निरखून पाहतो. ज्याने ती कल्पकतेने रचली, त्याच्या श्रमांचे यापरते चीज कोणते?

माझी हयात बँकेत गेली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे, आणि दोघांवर तपासनीसाची नजर, अशा शिस्तीत वाढलेल्या मला या खेळाचे प्रथम हसू आले. ठेवणारा अनोळखी, नेणारा अनोळखी, आणि खतावणी उघड्यावर! पेट्या चोरीला जातात, भिजतात, हेही खरे. तरी व्यवहार चालतो.

आपल्याकडे चालेल का? आपल्या बागांत ‘हे करू नये’ असे सांगणारे फलक झाडांइतके असतात. त्यातल्या एका फलकाला मात्र मी नावे ठेवणार नाही : ‘बेवारस वस्तूला हात लावू नका.’ २०१० साली पुण्यात जर्मन बेकरीत टेबलाखाली ठेवलेल्या पिशवीने काय केले, ते आपण पाहिले आहे. ती भीती खोटी नव्हे.

पण जिओकॅशिंगची पेटी बेवारस नसते. जागेच्या मालकाची परवानगी हवी, खणायचे नाही, झाडाला इजा करायची नाही, पेटीवर ओळख लिहायची, ठेवणाऱ्याने तिची देखभाल करायची, असे नियम आहेत. म्हणजे हा विश्वास आंधळा नाही. तो नोंदीवर उभा आहे. बँकेच्या भाषेत याला पत म्हणतात. पहिल्या दिवशी ती कुणाचीच नसते. लहान रक्कम देऊन, ती परत येते का हे पाहून ती वाढवावी लागते. फलक वाढवून ती वाढत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की, एखाद्या महापालिकेने एका लहान बागेत, पोलीस चौकीला कळवून, आरपार दिसणारी एक डबी ठेवून पाहावी. तिची जबाबदारी जवळच्या शाळेच्या एका वर्गाकडे द्यावी. वर्षअखेर वही उघडावी. बुडीत खात्यात गेलेच, तर काय जाईल? एक डबी, एक वही आणि एक पेन्सिल. यापेक्षा मोठी कर्जे आपण फार कमी चौकशी करून दिली आहेत.